मोहोळ राहू द्या

चांदवड, जि. नाशिक
मार्चचा दुसरा आठवडा

चि. मुक्ता हिस,


तुझे पत्र परवा पोहोचले. फोनवर बोलणे होतेच, पण तू मुद्दाम बसून लिहिलेस, म्हणून मीही लिहूनच उत्तर देतो. तुमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ बसले आहे. सोसायटीने औषध मारणाऱ्यांना बोलवायचे ठरवले आहे. तू सभेत उभी राहून नको म्हणालीस, तेव्हा एका काकांनी विचारले, "एवढा मध आवडतो का तुला?" यावर काय बोलायचे ते तू विचारतेस. त्यांना सांग, मध नाही मिळाला तरी चालेल, माश्या राहू द्या. या सगळ्या व्यवहारात मध ही सर्वांत लहान गोष्ट आहे.

आता तुझ्या शाळेच्या निबंधाचा मसुदा. चांगला लिहिला आहेस, पण पहिलेच वाक्य काढून टाक. मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल, असे आइनस्टाइन म्हणाले होते, हे वाक्य जगभर फिरते आहे. ते असे म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही. शिवाय ते खरेही नाही. ज्वारी, बाजरी, मका, गहू, भात यांना दाणा भरायला माशी लागत नाही. कुणाचे वाऱ्यावर भागते, कुणाचे फुलातल्या फुलातच. त्यामुळे भाकरी उरेल. पण तिच्याबरोबर काय खायचे, हा प्रश्न मोठा आहे. २००७ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने जगातली ११५ प्रमुख अन्नपिके तपासली, तेव्हा त्यातल्या ८७ पिकांना फळ किंवा बी धरण्यासाठी प्राण्यांची, म्हणजे बहुतेक वेळा कीटकांची, कमीअधिक मदत लागते असे दिसले. भोपळा, दुधी, दोडका, कारले, काकडी, कलिंगड ही सगळी वेलवर्गीय पिके जवळजवळ पूर्णपणे त्यांच्यावर अवलंबून. सूर्यफूल, मोहरी, तीळ यांचे उत्पन्न माश्या असल्या की वाढते. खरी गोष्ट एवढी मोठी असताना खोट्या वाक्याचा आधार कशाला?

एक प्रयोग सांगतो, तो निबंधात घाल, कारण तो तुला स्वतःला करता येईल. मंडईतून येताना एक वाकडी काकडी आण, एका टोकाला बारीक झालेली. पॉलिहाऊसमधली बिनबियांची नको, आपली नेहमीची गावरान. उभी चीर. जिथे ती जाड आहे तिथे टपोऱ्या बिया दिसतील. जिथे बारीक झाली आहे तिथे बियांच्या जागी नुसत्या पांढऱ्या पापुद्र्यासारख्या खुणा. काकडीच्या मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच असते. तिच्या आतल्या प्रत्येक बीजाला परागाचा एकेक कण मिळावा लागतो, तेव्हाच ते भरते आणि भोवतालचा गर वाढतो. फूल उमलते सकाळी आणि दिवसभरात त्याचा खेळ आटोपतो. तेवढ्या वेळात त्याच्यावर माश्या पुरेशा फेऱ्या मारून गेल्या तर काकडी सरळ होते. एखाददुसरीच येऊन गेली तर अर्धीमुर्धी भरते. कुणीच फिरकले नाही तर ती इवलीशी काकडी पिवळी पडून गळून जाते आणि शेतकरी म्हणतो, रोग आला. मग तो औषध मारतो, आणि उरलेल्या माश्याही जातात. हे चक्र मी अनेक मळ्यांत पाहिले आहे.

इकडे सध्या कांद्याचे डेंगळे फुलावर आले आहेत. आपल्या भागात कांद्याचे बी धरणारे शेतकरी पुष्कळ, आणि चांगल्या बियाण्याला भाव सोन्यासारखा. डेंगळ्याच्या टोकाला जो गोंडा असतो, त्यात शेकडो बारीक पांढरी फुले असतात आणि ती एकदम न उमलता दोन-तीन आठवडे पुढे-मागे उमलत राहतात. प्रत्येक फुलात पराग आधी बाहेर पडतो आणि त्याच फुलातली स्त्रीकेसराची टोपी पराग घ्यायला नंतर तयार होते. तोवर त्या फुलाचा स्वतःचा पराग संपलेला असतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलातून आलाच पाहिजे, आणि कांद्याचा पराग वाऱ्यावर भरवसा ठेवण्याइतका हलका नाही. त्यात कांद्याचा मकरंद मधमाशीला फारसा आवडत नाही. शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असली तर ती तिकडेच जाते. अशा नाजूक व्यवहारात, ऐन फुलोऱ्यात, फुलकिड्यांसाठी दर आठवड्याला औषध पडले तर काय उरणार? गोंडे दिसायला भरघोस, चोळून पाहिले तर हातात नुसता भुसा. मग बायका लावून गोंड्यांवरून मऊ कापड फिरवायचे, या फुलाचा पराग त्या फुलाला लागावा म्हणून. जे काम माशी फुकट करते त्यासाठी दिवसाची मजुरी मोजायची आणि तरीही बी तिच्याइतके धरत नाही. चीनमध्ये सिचुआन प्रांतातल्या हानयुआन भागात नासपतीच्या बागांत शेतकरी झाडावर चढून काठीला बांधलेल्या पिसांनी फुलाफुलाला पराग लावतात. तिथे औषधांचा मारा इतका वाढला होता की मधपाळ आपल्या पेट्या बागेत ठेवायला तयार होईनात. आपण त्या वाटेवर आहोत असे मला वाटते, आणि म्हणूनच तुझ्या टाकीखालच्या मोहोळाबद्दल मी इतके कळकळीने लिहितो आहे.

त्या मोहोळाकडे आता वळतो. आग्या ही आपली सर्वांत मोठी मधमाशी. ती पेटीत राहत नाही, अंधाऱ्या ढोलीतही राहत नाही. उंच कडा, वडाची फांदी, पुलाची कमान आणि आता तुमच्या इमारती, अशा उघड्या जागी एकच मोठे पोळे लटकवते. आपल्याला बाहेरून दिसते ते पोळे नसतेच. तो पोळ्यावर एकावर एक बसलेल्या माश्यांचा पडदा असतो. दुर्बिणीतून बघ, गच्चीवर जाऊन नव्हे. गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून लखकन एक लाट सरकताना दिसेल. हजारो माश्या एकापाठोपाठ एक पोट वर उचलतात, त्याची ती लाट. हा इशारा असतो आणि बहुतेक वेळा त्यावरच शत्रू परत जातो.

आग्या कायमच्या मुक्कामाला येत नाहीत. फुलोरा असेल तिथे येतात, तो संपला की पोळे रिकामे टाकून निघून जातात. आसाममधल्या आग्यांची जनुकीय तपासणी करून केलेला एक अभ्यास २००० साली 'नेचर' या नियतकालिकात आला होता. महिनोन्‌महिने बाहेर राहून तीच राणी, तीच वसाहत, पुन्हा त्याच जुन्या जागेवर परतते, असे त्यात आढळले. म्हणजे सोसायटीने हे समजून घ्यावे की हा दरवर्षीचा, ठरलेल्या हंगामाचा पाहुणा आहे. त्याचा हंगाम ध्यानात ठेवून रंगकाम, टाकीची सफाई, गच्चीवरचे कार्यक्रम मागेपुढे करता येतात.

आणि मारल्याने काय होते, तेही सभेत सांग. औषध मारणारे रात्री येतात. सकाळी वाहनतळावर मेलेल्या आणि मरू घातलेल्या माश्यांचा थर असतो. त्या अर्धमेल्या माश्यांचा डंख तेव्हाही लागतो, आणि तो लागतो तो झाडणाऱ्या बाईंना. पोळ्यातला मध विषारी झालेला असतो, तरी तो पिळून विकणारे लोक आहेत. आणि जागा मोकळी झाली की पुढच्या वर्षी दुसरे मोहोळ तिथेच बसते. इकडे एका पाण्याच्या टाकीवर हे मी बघत आलो आहे.

भीती खोटी नाही, हेही मान्य कर. आग्या चिडली तर जीवघेणी ठरते. किल्ल्यांवर गेलेल्या लोकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि त्यात बहुतेक वेळा धूर, दगड, आरडाओरडा किंवा उग्र अत्तर यांपैकी काहीतरी असते. तेव्हा पोरांनी चेंडू मारायचा नाही, फटाके तिथे नाहीत, खाली कचरा जाळायचा नाही. रात्री त्या दिव्याकडे ओढल्या जातात, म्हणून टाकीच्या बाजूचे दिवे बंद ठेवा किंवा पडदे ओढा. कुणावर माश्या आल्याच तर हात न झटकता तोंड झाकून पळायचे आणि बंद खोलीत शिरायचे. पाण्यात उडी मारायची नाही. काटा नखाने खरवडून लगेच काढायचा. डंख पुष्कळ असतील, धाप लागली किंवा चेहरा सुजला तर क्षणाचाही उशीर न करता दवाखाना. मोहोळ एखाद्या शाळेच्या खिडकीला लागून असेल तर हलवावेच लागते, पण तेही विष न वापरता, जाणत्या माणसाकडून. तुमच्या पुण्यातच १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. सभेत भांडण्यापेक्षा सोसायटीच्या नावाने तिथे एक अर्ज नेऊन दे.

मधाबद्दल तू बरेच लिहिले आहेस, त्यात थोडी भर घालतो. फुलातला मकरंद म्हणजे बहुतांशी पाणी. माशी तो पोटातल्या वेगळ्या पिशवीत आणते, घरच्या माश्या तो एकमेकींच्या तोंडातून फिरवतात, त्यात त्यांचे पाचकरस मिसळतात, मग तो पोळ्याच्या घरात ठेवून पंखांनी वारा घालत राहतात. पाणी उडून पाचव्या हिश्शाच्या आसपास आले की घरावर मेणाचे झाकण लावतात. हा पिकलेला मध. एका कामकरी माशीच्या, पाच-सहा आठवड्यांच्या, सबंध आयुष्यातली कमाई चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा. म्हणून मध पातेल्यात ओतून वाया घालवलेला मला बघवत नाही. थिजलेला मध भेसळीचा असतो, हे मनातून काढून टाक. अस्सल मधही रवाळ होतो. पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवणे या घरगुती परीक्षांनी काही कळत नाही. २०२० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या १३ नाममुद्रांचे मध तपासले, तेव्हा फक्त ३ सर्व कसोट्यांना उतरले. बाकीच्यांतल्या अनेकांनी आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या चुकवल्या होत्या. आणि तुझ्या मावशीला सांग, बाळाला वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, परंपरा काहीही असो. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी तान्ह्या मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

मध घ्यायचाच तर जिथे माश्या जगवून काढतात तिथला घ्या. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे २०२२ मध्ये देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. नंतर कोल्हापूरच्या भुदरगड तालुक्यातले पाटगाव झाले. मांघरची बहुतेक घरे सातेरी माशी पाळतात. सातेरी म्हणजे ढोलीत, कपारीत अंधारात अनेक पोळी शेजारी शेजारी बांधणारी, पेटीत नांदणारी आपली माशी. पेटीतल्या वरच्या चौकटी काढायच्या, मधयंत्रात फिरवून मध काढायचा आणि रिकामी पोळी परत द्यायची. एकही अळी मरत नाही. त्या डोंगरात जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध निघतो आणि कारवी फुलते त्या वर्षी कारवीचा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ साली ती फुलली. तू पुढच्या वेळी वीस-बावीस वर्षांची असशील, तेव्हा नक्की बघून ये. आग्याचा मधही न मारता काढता येतो. पूर्वी पलिता लावून सगळे मोहोळ जाळत. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने विदर्भातल्या मध गोळा करणाऱ्यांना अंगभर पोशाख घालून पोळ्यातला फक्त मधाचा भाग कापायला आणि अळ्यांचा भाग तसाच ठेवायला शिकवले. हे काम मला फार मोलाचे वाटते.

इथे एक मत स्पष्ट सांगतो, तुझ्या निबंधाशी ते जुळत नाही. तू लिहिलेस की प्रत्येकाने घरी पेटी ठेवावी. मला ते पटत नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक पेट्या मेलीफेरा या युरोपातून आलेल्या माशीच्या असतात. ती १९६० च्या दशकात हिमाचल-पंजाबात रुजली; मध जास्त देते, डाळिंब आणि सूर्यफुलाच्या शेतात तिच्या पेट्या ठेवल्या की फायदाही होतो. पण तिची काळजी घ्यायला माणूस आहे. रानातल्या सातेरीची तशी कुणी घेत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती रिकाम्या केल्या. अळ्या पोळ्यातच मरत. आणि ज्या माश्या कुणाच्याच मालकीच्या नाहीत त्यांचे तर नावही कुणी घेत नाही. भारतात माश्यांच्या सातशेहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात, पोळे करत नाहीत, मध साठवत नाहीत.

तुझ्या आवडीच्या भरल्या वांग्याचेच घे. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग नळीत कोंडलेला असतो, टोकाला बारीक छिद्र. मधमाशीला तो नीट काढता येत नाही. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी येते, फुलाला बिलगते आणि पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते. त्या गुणगुणीने पराग भसकन बाहेर पडतो. शेतात उभी राहिलीस तर आवाज बदललेला कानाला कळतो. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी भुंग्यांचा अभ्यास केला. तिथे वारसाचे झाड रात्री फुलते आणि रात्री उडणारे भुंगे त्याचे परागीभवन करतात. त्यांच्यातली एक जात तर अमावस्येच्या अंधारातही फुले शोधते. असा भुंगा वाळक्या लाकडाला भोक पाडून राहतो; वाळकी फांदी दिसली की तोडली, तर त्याने जावे कुठे?

तुमच्या आवारात काय करता येईल, ते लिहितो. सगळीकडे फरशा बसवल्या आहेत. भिंतीकडेची हातभर माती उघडी राहू द्या, कारण बहुतेक एकट्या माश्या जमिनीत बीळ करतात. गुलाबाच्या पानांना कातरल्यासारखे गोल काप दिसले तर माळ्याला औषध मारू देऊ नकोस; पाने कापणारी माशी ते तुकडे पिलांच्या घरासाठी नेते, झाडाला काही होत नाही. आजीच्या तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका, निम्म्या फुलू द्या. कुंडीतली कोथिंबीर, मुळा, सब्जा फुलेपर्यंत ठेवा. नवे झाड लावायचे असेल तर शेवगा, करंज, कडुनिंब, जांभूळ यातले लावा. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची शोभेची फुले दिसतात छान, पण त्यात माशीच्या हाती फारसे काही लागत नाही.

सगळ्यात मोठे काम मात्र शेतातले आहे आणि ते औषधांचे आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, कारण ती मधमाश्यांना घातक ठरली. आपल्याकडे ती कुठल्याही दुकानात मिळतात. शेतकऱ्याला नुसते "फवारू नका" म्हणून चालत नाही, त्याचे पीक डोळ्यांदेखत जात असते. पण फुलोऱ्यात थांबणे, अगदीच गरज पडली तर माश्या घरी परतल्यावर, सूर्यास्तानंतर फवारणे, एवढे जमण्यासारखे आहे. आमच्या गल्लीतल्या दोघा बीजोत्पादकांनी यंदा ते मान्य केले आहे.

तुझ्याकडून मला एक हवे आहे. तुझी चित्रकला चांगली आहे. मोठ्या कागदावर कांद्याचा गोंडा आणि त्यावर सातेरी माशी काढ. खाली लिही: "फुलोऱ्यात फवारणी नको. करावीच लागली तर दिवस मावळल्यावर." इथल्या कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराशी मी बोललो आहे, तो दर्शनी भागात लावायला तयार आहे. महिनाअखेरपर्यंत डेंगळे फुलावर आहेत, तेव्हा याच आठवड्यात पाठव. अक्षर मोठे काढ, रस्त्यावरून वाचता आले पाहिजे.

आई-बाबांना आशीर्वाद.

तुझा,
आजोबा